यादी लिहिणारा हात

ऑक्टोबर 1941 च्या सुरुवातीला जर्मन रणगाडे ब्र्यान्स्कच्या जंगलांमधून मॉस्कोच्या दिशेने पुढे गेले आणि लोकोत नावाचं एक लहान गाव त्यांच्या पिछाडीला राहिलं. शेवटच्या झारच्या धाकट्या भावाची इथे जहागीर होती. तिथला घोड्यांच्या पैदाशीचा फार्म सोव्हिएत काळातही चालू होता. शिवाय मद्यार्काचा एक कारखाना आणि वनविद्या शिकवणारं एक तंत्रनिकेतन. सोव्हिएत अधिकारी निघून गेले होते, जर्मनांना थांबायला वेळ नव्हता आणि गावाला कोणी वाली नव्हता. तंत्रनिकेतनात शिकवणारा कॉन्स्टंटिन वोस्कोबॉयनिक पुढे आला. त्याच्या सोबत होता कारखान्यातला इंजिनियर ब्रोनिस्लाव कामिन्स्की. दोघांनीही सोव्हिएत राजवटीची शिक्षा भोगलेली होती. जर्मन अधिकाऱ्यांनी वोस्कोबॉयनिकला ‘स्टारोस्टा’ म्हणून मान्यता दिली आणि गावरक्षणासाठी थोड्या बंदुका बाळगायची मुभाही दिली.

स्टारोस्टा म्हणजे गावचा वडीलधारा प्रमुख. आपल्या पाटलाच्या जवळ जाणारा शब्द. पुढच्या दोन वर्षांत या गावचा कारभार इतका फुगला, की त्याच्या हाताखाली आठ तालुके आणि पाच लाखांहून अधिक माणसं आली. न्यायालय, तुरुंग, वर्तमानपत्र, नाटकगृह, स्वतःची फौज, सगळं आलं. जर्मन कागदपत्रांत त्याला ‘स्वयंशासित जिल्हा’ म्हटलं आहे. पूर्वेकडच्या व्याप्त प्रदेशात, जिथे स्लाव माणसाला माणूस मानायलाच वरची मंडळी तयार नव्हती, तिथे असा जिल्हा उभा राहिलाच कसा? या प्रश्नाचा माग काढताना मला पुन्हा पुन्हा एकच वस्तू भेटत गेली: यादी. कोण किती धान्य देणार याची यादी, जर्मनीला कामाला कोणाला पाठवायचं याची यादी, गावात ज्यू कोण आहे याची यादी. जर्मन अधिकारी आपापसांत स्वायत्ततेवरून कितीही भांडले, तरी प्रत्यक्षात स्थानिक माणसाच्या हाती जी सत्ता आली, ती बहुतेक ठिकाणी यादी लिहिण्याची होती.

भांडणाची सुरुवात 16 जुलै 1941 च्या एका बैठकीत झाली. रशियावर स्वारी होऊन चार आठवडेही झाले नव्हते. पूर्व प्रशियातल्या मुख्यालयात हिटलरने गोअरिंग, कायटेल, लामर्स आणि रोझेनबर्ग या आपल्या वरिष्ठ सहकाऱ्यांना बोलावलं. नाझी पक्षाच्या मुख्य कार्यालयाचा प्रमुख बोरमान टिपणं घेत होता आणि ती टिपणं युद्धानंतर न्यूरेंबर्गच्या खटल्यात पुढे आली. हिटलरचं म्हणणं सरळ होतं. जिंकलेला मुलूख परत द्यायचा नाही, पण हे उघड बोलायचं नाही. आधी ताब्यात ठेवायचा, मग चालवायचा, मग पिळायचा. आणि उरल पर्वतापर्यंत जर्मनाखेरीज कोणाच्याही हातात शस्त्र दिसता कामा नये. तीन महिनेही उलटले नाहीत तोच लोकोतच्या मास्तरांच्या खांद्यावर बंदूक होती. वरच्या आज्ञेत आणि खालच्या गरजेत जी फट पडली, तिच्यात हा सगळा इतिहास घडला.

बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी आल्फ्रेड रोझेनबर्ग पूर्वेकडच्या व्याप्त प्रदेशांचा मंत्री झाला. तो मूळचा रेव्हालचा, म्हणजे आजच्या टॅलिनचा. शिक्षण रिगा आणि मॉस्कोत, रशियन भाषा अस्खलित. रशियाचे तुकडे करावेत, युक्रेनी, बाल्टिक, कॉकेशियन लोकांना थोडीबहुत ओळख आणि कारभार द्यावा आणि त्यांची भिंत मॉस्कोभोवती उभी करावी, अशी त्याची योजना. ही दयेतून आलेली नव्हती. ज्यूंबद्दलचा त्याचा द्वेष पक्षातल्या कोणाहून कमी नव्हता. त्याच्या हाताखाली दोन राइश आयुक्त नेमले गेले. बाल्टिक आणि बेलारूससाठी रिगात हिनरिक लोहसे, युक्रेनसाठी रिव्नेमध्ये एरिक कॉख. पण नेमणुकीच्या कागदावर मंत्री वर आणि आयुक्त खाली असले तरी पैसा, पोलीस आणि मजूर या तिन्ही चाव्या मंत्र्याकडे नव्हत्याच. धान्य आणि खनिज गोअरिंगकडे, पोलीस हिमलरकडे, आणि मार्च 1942 पासून मजूरभरती झाउकेलकडे. आघाडीजवळच्या पट्ट्यात तर मंत्रालयाचा शिरकावच नव्हता. तिथे सैन्याचा अंमल.

हिटलर जेवणानंतरच्या गप्पांत एक तुलना वारंवार करायचा. इंग्लंडला जसा हिंदुस्थान, तसा आपल्याला रशिया. मूठभर अधिकाऱ्यांनी कोट्यवधी लोकांवर राज्य करायचं, हे त्याला भुरळ घालणारं चित्र होतं. मराठी वाचकाला इथे थबकावं लागतं, कारण तो हिंदुस्थान म्हणजे आपलंच गाव. आणि आपल्याला ठाऊक आहे की तो मूठभर साहेबांवर कधीच चालला नाही. तो मामलेदार, कारकून, कुलकर्णी आणि पाटील यांच्या दप्तरांवर चालला. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने साताऱ्याला छत्रपतींची गादी ठेवली. 1819 चा तह झाला, शेजारी रेसिडेंट म्हणून ग्रँट डफ बसला. 1839 मध्ये प्रतापसिंह महाराजांना गादीवरून उतरवलं आणि 1848 मध्ये राज्यच खालसा केलं. परक्याने दिलेली सत्ता किती काळ आपली असते, हे साताऱ्यात जे दिसलं ते वेगळ्या रूपात पूर्वेतही दिसणार होतं. फरक इतकाच, आणि तो फार मोठा आहे, की रिव्नेत बसलेल्या कॉखला एवढंही द्यायचं नव्हतं.

कॉख मुळात पूर्व प्रशियाचा पक्षप्रमुख आणि त्याचा बराचसा वेळ क्योनिग्सबर्गमध्येच जायचा. युक्रेन त्याच्या लेखी धान्याचं कोठार आणि मजुरांचा साठा. चौथीच्या पुढच्या शाळा त्याला नको होत्या. युक्रेनी राष्ट्र ही कल्पनाच त्याने निकालात काढली. रोझेनबर्ग तक्रारी लिहीत राहिला. व्होलिनियातलं त्सुमानचं जंगल हे त्यातलं एक प्रकरण. कॉखला तिथे शिकारीसाठी राखीव रान हवं होतं. 1942 च्या अखेरीस थंडीत गावंच्या गावं उठवली गेली, माणसं मारली गेली. एप्रिल 1943 मध्ये रोझेनबर्गने हे हिमलरला लेखी कळवलं. एका माणसाच्या शिकारीसाठी गाव रिकामं केलं, ही गोष्ट त्या सगळ्या कागदांच्या ढिगात मला सर्वांत जास्त टोचते, कारण तिथे युद्धाचं निमित्तसुद्धा नाही. 19 मे 1943 ला हिटलरने दोघांनाही समोरासमोर उभं केलं आणि निवाडा कॉखच्या बाजूने दिला. मंत्री मंत्रीच राहिला, फक्त त्याच्या शब्दाला किंमत उरली नाही.

    

आता खाली, गावात येऊ. जर्मन अधिकाऱ्यांची संख्या तोकडी. एका ‘गेबीट्सकोमिसार’च्या हाताखाली, म्हणजे साधारण जिल्हाधिकाऱ्याच्या हाताखाली, मुठीत मावतील एवढे जर्मन आणि अफाट मुलूख. पक्षातले नको झालेले, कामाचे नसलेले लोक पूर्वेला धाडले जात, अशी तक्रार जर्मन सैनिकच करत. त्यांच्या पिवळट तपकिरी गणवेशावरून त्यांना ‘सोनेरी फेझंट’ म्हणत. फेझंट हा रंगीत पिसांचा, मिरवणारा पक्षी. या अधिकाऱ्यांना ना भाषा येत होती, ना वाट ठाऊक होती. त्यामुळे तालुक्याला ‘रायोन’ प्रमुख, शहराला महापौर आणि गावाला स्टारोस्टा नेमावा लागला. ही सोय होती. हिला स्वायत्तता म्हणायचं की नाही, यावर बर्लिनमध्ये खल चालू असताना इथे रोजचं काम सुरूही झालं होतं.

ते काम डोळ्यासमोर आणून पाहावं. नेमणूक झाल्यावर स्टारोस्टाला पहिला हुकूम येई तो नोंदणीचा. 22 जून 1941 च्या आधीपासून गावात राहणारे एका यादीत, नंतर आलेले दुसऱ्या यादीत. दुसऱ्या यादीतला माणूस म्हणजे निसटलेला सैनिक, पळून आलेला ज्यू, नाहीतर कम्युनिस्ट पक्षाने पाठवलेला छापामार, असा जर्मनांचा संशय. नंतर आलेल्या एखाद्याला आपला पुतण्या म्हणून पहिल्या यादीत बसवणं, एवढ्या एका ओळीत एक जीव वाचवण्याची किंवा घालवण्याची ताकद होती. मग गायी मोजायच्या, गायीमागे दूध ठरवायचं, कोंबड्यांमागे अंडी, जमिनीमागे धान्य. सामूहिक शेती मोडून जमीन मिळेल या आशेवर शेतकरी होते. फेब्रुवारी 1942 मध्ये नवी कृषिव्यवस्था जाहीर झाली. मॉस्कोत पूर्वी कृषी प्रतिनिधी असलेल्या ऑटो शिलरने ती तयार केली होती. पण तिने बहुतेक ठिकाणी सामूहिक शेताची पाटी तेवढी बदलली. धान्य एका खळ्यावरून उचलणं सोपं, हजार अंगणांतून गोळा करणं अवघड, हे जर्मनांनी चटकन ओळखलं.

त्यानंतर मजुरांची यादी. वरून आकडा यायचा, तालुक्याने तो गावांत वाटायचा, गावच्या प्रमुखाने नावं लिहायची. सुरुवातीला स्वखुशीने गेलेल्या काहींची पत्रं घरी आली, तिकडची हकिगत पसरली आणि लोक रानात पळू लागले. मग बाजाराला आणि चर्चला वेढे पडले, न सापडणाऱ्यांची घरं जाळली गेली. युद्ध संपेपर्यंत सोव्हिएत प्रदेशातून सुमारे 28 लाख नागरिक जर्मनीत मजुरीला नेले गेले. छातीवर ‘ओस्ट’ असं लिहिलेला निळा-पांढरा कापडी तुकडा शिवूनच त्यांना वावरावं लागे. यातलं प्रत्येक नाव बर्लिनहून आलेलं नव्हतं. आकडा बर्लिनचा, नाव गावचं.

ज्या स्थानिकांनी यापलीकडे जायचा प्रयत्न केला, त्यांचं काय झालं तेही पाहायला हवं. 30 जून 1941 ला ल्विवमध्ये युक्रेनी राष्ट्रवादी नेता बांदेरा याच्या गटाने युक्रेनच्या राज्याची घोषणा केली. ती मंडळी स्वतः जर्मनांच्या मदतीने आली होती आणि ज्यूद्वेषात मागे नव्हती. तरीही काही दिवसांत नेत्यांना अटक झाली आणि बांदेरा पुढे साक्सनहाउझेनच्या छळछावणीत पोहोचला. लिथुआनियात जूनमध्ये उभं राहिलेलं हंगामी सरकार 5 ऑगस्टला संपलं. कीवचा महापौर व्होलोदिमीर बाहाझी याने युक्रेनी राष्ट्रवाद्यांना नगरपालिकेत जागा दिली, हे लक्षात येताच त्याला पकडून फेब्रुवारी 1942 मध्ये गोळी घातली. त्याच्या आधीच, सप्टेंबर 1941 च्या अखेरच्या दोन दिवसांत, त्याच शहराच्या कडेला बाबीन यारच्या घळीत 33,771 ज्यूंना मारलं होतं. त्या वेळीही कीवला नगरपालिका होती आणि तिचा कारभार युक्रेनी हातांतच होता.

पश्चिम युरोपात हे गणित वेगळं मांडलं गेलं. वेर्नर बेस्ट नावाच्या, हिमलरच्या एसएस या संघटनेतल्या कायदेपंडिताने 1941 मध्ये व्याप्त देशांतल्या जर्मन कारभाराची वर्गवारीच केली. कुठे मित्रासारखं चालवायचं, कुठे नुसती देखरेख, कुठे थेट राज्य, कुठे वसाहत. जिथे स्थानिक नोकरशाही आज्ञा पाळते तिथे कमी माणसांत काम भागतं, हे त्याचं सूत्र. नंतर तो स्वतः डेन्मार्कमध्ये जर्मन प्रतिनिधी झाला. मार्च 1943 मध्ये तिथे निवडणुकासुद्धा झाल्या. पण ऑगस्टअखेर डॅनिश सरकारने काम थांबवलं आणि सप्टेंबरमध्ये जर्मनांना ज्यूंची नावं-पत्ते मिळवण्यासाठी त्यांच्या समाजाच्या कार्यालयातून कागद उचलावे लागले. डॅनिश प्रशासनाने तशी यादी करून दिलेली नव्हती. बातमी आधीच फुटली आणि सात हजारांहून अधिक ज्यू समुद्र ओलांडून स्वीडनला पोहोचले. हॉलंडमध्ये उलट झालं. जानेवारी 1941 च्या हुकुमानंतर तिथल्या नोंदणी खात्याने इतक्या चोखपणे काम केलं, की सुमारे 1,60,000 नावं कार्डांवर आली. खात्याचा प्रमुख याकोब लेंट्स याने सहज नक्कल न होणारं ओळखपत्रही तयार करून दिलं. हॉलंडमधल्या सुमारे 1,40,000 ज्यूंपैकी एक लाखाहून अधिक जिवंत राहिले नाहीत. 27 मार्च 1943 ला प्रतिकार चळवळीतल्या काहींनी अॅमस्टरडॅमचं नोंदणी कार्यालय पेटवलं. कार्डांचा काही भागच जळला. पकडले गेलेल्यांपैकी बारा जणांना गोळ्या घातल्या. पुलावर किंवा शस्त्रागारावर नव्हे, कपाटांतल्या कार्डांवर त्यांनी हल्ला केला. त्यांना शत्रूची खरी ताकद कुठे आहे ते कळलं होतं.

परत पूर्वेकडे. रोझेनबर्गच्या मंत्रालयात ऑटो ब्रॉइटिगाम हा अनुभवी मुत्सद्दी होता. रशिया जाणणारा, भाषा येणारा. 25 ऑक्टोबर 1942 ला त्याने एक टिपण लिहिलं. त्यात त्याने म्हटलं की लोकांनी आपलं स्वागत केलं होतं, आपण ते गमावलं. कैद्यांना उपाशी मारलं, मजुरांची शिकार केली, जमीन दिली नाही, कारभार दिला नाही. आता लोकांना काहीतरी राजकीय आश्वासन दिलंच पाहिजे. हे टिपण न्यूरेंबर्गमध्ये पुरावा म्हणून आलं आणि पुढे अनेक पुस्तकांत ‘शहाण्या जर्मन अधिकाऱ्याचा आवाज’ म्हणून गाजलं. पहिल्यांदा वाचताना मलाही तसंच वाटलं होतं.

पण त्याच माणसाची आणखी एक सही आहे. नोव्हेंबर 1941 मध्ये रिगाहून लोहसेने बर्लिनला विचारलं, की सगळ्या ज्यूंना मारायचं आहे का, वय, लिंग, आर्थिक उपयोग काहीच न पाहता? सैन्याला कुशल कारागीर लागत होते म्हणून ही विचारणा होती. 18 डिसेंबर 1941 ला मंत्रालयाचं उत्तर गेलं की या प्रश्नाच्या निकालात आर्थिक बाबींचा विचार तत्त्वतः करू नये. सही ब्रॉइटिगामची. दोन्ही कागदांमध्ये दहा महिन्यांचं अंतर. हात एकच. या दोन कागदांना वेगळं करून वाचण्याची जी सवय युद्धानंतर लागली, ती मला मान्य नाही. स्थानिकांना थोडी मोकळीक द्यावी असं म्हणणारे आणि देऊ नये म्हणणारे यांच्यात ज्यूंच्या बाबतीत मतभेद नव्हता. स्वायत्ततेचा वाद उरलेल्यांसाठी होता.

स्वायत्ततेचा प्रयोग सर्वांत पुढे गेला तो कॉकेशसमध्ये. ऑगस्ट 1942 मध्ये जर्मन सैन्य तेलाच्या ओढीने तिथे पोहोचलं. डोंगर अवघड, शेजारी तटस्थ तुर्कस्तान आणि लोक बहुतांश मुसलमान. सप्टेंबरमध्ये हिटलरने इथला कारभार सैन्याकडेच ठेवला. कॉखसारखा आयुक्त आला नाही. मॉस्कोत पूर्वी लष्करी प्रतिनिधी राहिलेला जनरल क्योस्ट्रिंग सल्लागार म्हणून आला आणि मंत्रालयातर्फे ब्रॉइटिगामही. कराचाय लोकांच्या राष्ट्रीय समितीला सामूहिक शेतं आणि सरकारी मालमत्ता सांभाळायला दिली. मशिदी उघडल्या. ऑक्टोबरमध्ये किस्लोवोद्स्कला रमजान ईद आणि डिसेंबरमध्ये नाल्चिकला बकरी ईद साजरी झाली, तेव्हा जर्मन अधिकारी पाहुणे होते. सक्तीची मजूरभरती इथे नव्हती. पण त्याच किस्लोवोद्स्कमधल्या ज्यूंना सप्टेंबरमध्ये, म्हणजे ईदच्या महिनाभर आधी, आगगाडीत बसवून मिनेराल्नये वोदीला नेलं आणि काच कारखान्याजवळच्या रणगाडेविरोधी खंदकात मारलं होतं. त्यांना आपण दुसरीकडे वसायला चाललो आहोत असं सांगण्यात आलं होतं.

आणि तरी याच प्रदेशात नाल्चिक आहे. नाल्चिकमध्ये काही हजार ‘पहाडी ज्यू’ राहत. पिढ्यान्‌पिढ्या कॉकेशसमध्ये मुरलेले, फारसीच्या जवळची तात भाषा बोलणारे, पोशाख आणि चालीरीती शेजारच्या कबार्डियन-बल्कारांसारख्या. जर्मन ऑक्टोबर 1942 च्या अखेरीस शहरात आले. ज्यू म्हणून नोंद झाली तर पुढे काय, हे किस्लोवोद्स्कमुळे सगळ्यांना कळून चुकलं होतं. स्थानिक समितीचा प्रमुख सेलिम शादोव हा कबार्डियन वकील होता. ही ज्यू माणसं नव्हेतच, ‘तात’ नावाची एक कॉकेशियन जमात आहे, असं समितीने जर्मनांना सांगितलं आणि त्यावर ठाम राहिली. जर्मनांनी तपास सुरू केला, बर्लिनची मतं मागवली. हत्यापथकाचा प्रमुख वाल्टर बीअरकाम्प याने स्वतः पाहणी केली. यांचा ज्यूंशी धर्मापलीकडे संबंध नाही, असा निष्कर्ष निघाला आणि त्यांना यापुढे तातच म्हणावं असं ठरलं. जानेवारी 1943 च्या सुरुवातीला जर्मन मागे हटले तेव्हा नाल्चिकचे पहाडी ज्यू जिवंत होते. बोग्दानोव्हका आणि मेंझिन्स्कोये या गावांतले त्यांचे भाऊबंद मात्र त्याआधीच मारले गेले होते. त्या गावांमध्ये त्यांच्या नावापुढे दुसरा शब्द लिहिणारं कोणी नव्हतं.

शादोवची समिती जर्मनांनीच नेमलेली. तिच्या हातातली सत्ता उसनी. तिनेही जर्मनांना रसद दिलीच असणार, त्याशिवाय ती एक दिवस टिकली नसती. पण यादीच्या एका रकान्यात तिने जे लिहिलं, त्यामुळे माणसं वाचली. म्हणून ‘जर्मनांसोबत काम केलं’ एवढ्या एका वाक्याने अशा माणसाचा हिशेब मिटवता येत नाही. आणि ‘माझ्या हातात काहीच नव्हतं’ हे वाक्यही नाल्चिकनंतर सहज बोलता येत नाही.

आता लोकोतकडे, कारण तिथे याची दुसरी बाजू दिसते. 8 जानेवारी 1942 च्या पहाटे छापामारांनी लोकोतवर हल्ला केला, त्यात वोस्कोबॉयनिक मारला गेला आणि कामिन्स्कीने सूत्रं घेतली. हा भाग दुसऱ्या पान्झर सैन्याच्या ताब्यात होता आणि त्याचा सेनापती जनरल रुडॉल्फ श्मिट व्यवहारी माणूस होता. जंगलात छापामार आणि आपले सैनिक आघाडीवर अडकलेले. रेल्वे सुरक्षित राहावी, धान्य वेळेवर यावं, एवढंच त्याला हवं होतं. कामिन्स्की दोन्ही द्यायला तयार होता. जुलै 1942 मध्ये श्मिटने आठ तालुक्यांचा जिल्हा त्याच्या हवाली केला. जर्मन अधिकारी सल्लागार म्हणून थांबले, हुकूम रशियन हातांनी निघू लागले. कामिन्स्कीने सामूहिक शेतं मोडून जमीन वाटली, कर ठरवले, ‘गोलोस नारोदा’ म्हणजे ‘जनतेचा आवाज’ हे पत्र काढलं. त्याची फौज 1943 पर्यंत दहा हजारांच्या घरात गेली. सोव्हिएत सैन्याने टाकून दिलेले रणगाडेही तिच्याकडे होते.

काही लेखकांना या जिल्ह्यात स्टालिनविरोधी रशियन स्वराज्याचं बीज दिसतं. त्यांनी घोड्यांच्या फार्मची इमारत पाहावी. तिथे तुरुंग होता. छापामार, त्यांचे नातेवाईक, संशयित, बायका, तिथून बाहेर काढले जात आणि मशीनगनसमोर उभे केले जात. ती मशीनगन चालवणारी अंतोनिना माकारोवा ही तरुण रशियन बाई होती. ती लग्नाच्या नव्या आडनावाखाली पुढे तीसहून अधिक वर्षं निवांत राहिली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ती पकडली गेली. न्यायालयात 168 हत्या सिद्ध झाल्या आणि 1979 मध्ये तिला मृत्युदंड दिला गेला. जिल्ह्यातल्या ज्यूंना मारण्याचं कामही कामिन्स्कीच्या पोलिसांनी केलं. त्यासाठी बाहेरून कोणाला यावं लागलं नाही. स्वतःचा कारभार मिळाल्यावर त्यांनी जी यादी लिहिली ती ही.

श्मिटचं पुढे काय झालं, ते विलक्षण आहे. त्याचा भाऊ हान्स-थिलो हा 1931 पासून फ्रेंच गुप्तहेर खात्याला ‘एनिग्मा’ या सांकेतिक यंत्राची माहिती विकत होता. 1943 च्या वसंतात तो सापडला. झडतीत सेनापती भावाची हिटलरवर टीका करणारी पत्रं मिळाली आणि एप्रिलमध्ये श्मिटला आघाडीवरून हटवलं. ज्याच्या सहीवर जिल्हा उभा होता तोच गेला. ऑगस्ट 1943 मध्ये लाल सैन्य जवळ आलं तेव्हा कामिन्स्की हजारो सैनिक आणि त्यांची कुटुंबं घेऊन बेलारूसमध्ये लेपेलला गेला. मुलूख नाही, शेत नाही, उरली फक्त फौज. ती एसएसने आपल्यात घेतली. ऑगस्ट 1944 मध्ये वॉर्साचा उठाव मोडायला तिच्यातले सुमारे 1,700 जण ओखोता भागात उतरवले. तिथली लूट आणि मारी क्युरींच्या नावाच्या रेडियम संस्थेच्या रुग्णालयातले अत्याचार पोलिश स्मृतीत अजून ताजे आहेत. महिनाअखेरीस जर्मनांनीच कामिन्स्कीला ठार केलं आणि त्याच्या माणसांना सांगितलं की छापामारांनी मारलं.

जसजशी हार जवळ येत गेली तसतसे जर्मन अधिकारी स्वायत्तता देऊ करण्याच्या गोष्टी बोलू लागले. 1943 च्या सुरुवातीला एस्टोनिया-लाटव्हियाला स्वायत्तता देण्याची योजना हिटलरपर्यंत गेली, पण त्याने ती होऊ दिली नाही. माणसं मात्र हवी होतीच. लिथुआनियात एसएससाठी भरती फसली म्हणून मार्च 1943 मध्ये विद्यापीठं बंद करून 46 नामवंतांना श्टुट्टहोफच्या छावणीत पाठवलं. मिन्स्कमध्ये आयुक्त विल्हेल्म कुबे याला सप्टेंबर 1943 मध्ये त्याच्या घरात काम करणाऱ्या येलेना माझानिकने पलंगाखाली ठेवलेल्या बाँबने उडवलं. त्यानंतर आलेल्या एसएस अधिकाऱ्याने डिसेंबरमध्ये बेलारूसची ‘केंद्रीय सभा’ स्थापली. 27 जून 1944 ला मिन्स्कच्या नाट्यगृहात राष्ट्रीय काँग्रेस भरली, ठराव झाले. 3 जुलैला सोव्हिएत रणगाडे शहरात आले.

कराचाय लोकांना जर्मनांनी दिलेला कारभार पाच महिने टिकला. त्याची शिक्षा सबंध जमातीला झाली. ज्यांचे मुलगे लाल सैन्यात लढत होते त्यांनाही. 2 नोव्हेंबर 1943 ला सुमारे 69,000 माणसांना मालगाड्यांत भरून मध्य आशियाला धाडलं. मार्च 1944 मध्ये बल्कारांचीही तीच गत झाली. ती यादी सोव्हिएत पोलिसांनी केली. समितीत कोण होतं आणि कोण नव्हतं, हे पाहायची तसदी तिने घेतली नाही. वाटेत आणि वस्तीत मेलेल्यांत लहान मुलं फार होती. 1957 मध्ये परतण्याची परवानगी मिळाली, तेव्हा अनेक गावांमध्ये त्यांच्या घरात दुसरी कुटुंबं राहत होती. त्याच सुमारास ब्रॉइटिगाम पश्चिम जर्मनीच्या परराष्ट्र सेवेत परतला होता. तो हाँगकाँगमध्ये महावाणिज्यदूत झाला आणि 1959 मध्ये त्याला संघराज्याचा मोठा सन्मान मिळाला. 18 डिसेंबर 1941 चा कागद त्या वेळी कोणाला अज्ञात नव्हता; न्यूरेंबर्गच्या दप्तरात तो छापून ठेवलेला होता.